शिरोरेषा जुळली! फॉलआउट २ मराठीत, नोंद सातवी

‘फॉलआउट २’ हा जुना संगणक-खेळ मी मराठीत आणतोय. मागच्या नोंदीपर्यंत त्यातल्या क्लॅमथ गावातले लोक मराठी बोलत होते खरे, पण प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून फटकून उभं होतं. आता ‘स्मायली अजून परतला नाही’ ही ओळ उमटते तेव्हा प्रत्येक शब्दावरची रेषा अखंड असते. एवढ्याशा रेषेनं सगळा महिना खाल्ला, म्हणून आधी तिच्याबद्दल.

दोष एकच वाटत होता, निघाले तीन. पहिला एएएफ फॉन्टच्या, म्हणजे खेळाच्या स्वतःच्या चित्र-फॉन्ट फाइलच्या शीर्षभागात. सुरुवातीच्या १२ बाइट्समध्ये उंची, दोन अक्षरांमधली फट, मोकळ्या जागेची रुंदी आणि ओळींमधली फट असते. ही अक्षरांमधली फट रोमन लिपीला लागते, देवनागरीत तीच शिरोरेषा कापते. ती शून्य करायची आणि इंग्रजी अक्षरांच्या उजवीकडे एकेक रिकामा स्तंभ चितारायचा, नाहीतर इंग्रजी नावं एकमेकांना चिकटतात. दुसरा दोष कडांचा. ‘मुक्ता’ फॉन्टवरून १६ पिक्सेल उंचीची चित्रं काढली की कडा मऊ येतात, आणि रेषेच्या दोन्ही टोकांना फिकट ठिपका राहतो. एएएफमध्ये ० म्हणजे पारदर्शक, आकडा वाढला की उजेड वाढतो. शिरोरेषेच्या दोन्ही पिक्सेल-ओळी टोकापासून टोकापर्यंत पूर्ण उजेडाच्या आकड्यानं हातानंच भराव्या लागल्या.

तिसरा दोष सर्वांत चिवट. इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, अक्षर तळाशी टेकवून काढतं. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली वरच्या रेषेला लटकतात. चित्रं घट्ट कापून भरल्यामुळे ‘ग’ खाली आणि ‘गु’ वर, रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी. उपाय साधा: देवनागरीची प्रत्येक चौकट पूर्ण १६ उंचीची, वर-खाली जे रिकामं असेल ते शून्यांनी भरलेलं.

स्वतःचं साधन लिहिणाऱ्यांसाठी: शीर्षभागानंतर २५६ अक्षरांचे प्रत्येकी ८ बाइट्स, म्हणून चित्रं २०६०व्या बाइटपासून सुरू होतात. आकडे मोठा बाइट आधी या क्रमानं. उलटे लिहिले तर १६ची उंची ४०९६ वाचली जाते.

रेषा जुळली आणि जागा संपली. १२८ ते २५५ एवढेच कोड हाताशी, त्यातला १४९ संवादातल्या पर्यायांपुढच्या ठिपक्याचा. उरले १२७. महिरपी कंसांना हात लावता येत नाही, एमएसजी फाइलची, म्हणजे खेळातल्या मजकुराच्या फाइलची, प्रत्येक नोंद त्यांच्यातच बसते. जुन्या डीटीपी फॉन्टची युक्ती इथेही चालते: अर्धा ‘ग्’, अर्धा ‘त्’, अर्धा ‘म्’ ठेवायचे आणि काना वेगळा जोडायचा. मात्र त्या फॉन्टचे हिंदीसाठी बनवलेले तक्ते उचलू नका. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ त्यांत सापडत नाही आणि ‘ॲ’ची सोय नसते. यूटीएफ-८चा, म्हणजे आजच्या युनिकोड साठवणीचा, मोहही टाळा. इंजिन एका मजकुरात १०२४ बाइट्सच घेतं आणि देवनागरीचं एक चिन्ह त्यातले ३ खातं.

मात्रेचं मात्र कान्यानं भागत नाही. एएएफमध्ये रुंदी हाच चित्राचाही आकडा आणि पुढे सरकण्याचाही, त्यामुळे शून्य रुंदीची मात्रा बनवताच येत नाही. ‘के, गे, ते’ अशी जोडचित्रं भरत गेलं की १२७ कोड बघता बघता संपतात. म्हणून बेत बदलतोय. मूळ एक्झी (खेळाची प्रोग्रॅम-फाइल) आणि एसफॉल (तिच्यावरची चाहत्यांची सुधारणा) यांचा नाद सोडून ‘फॉलआउट २ कम्युनिटी एडिशन’, म्हणजे याच खेळाचं नव्यानं लिहिलेलं इंजिन. तिचा सोर्स कोड खुला आहे आणि अँड्रॉइडवरही चालते. त्यात मात्रांसाठीचे २२४ ते २५५ हे कोड आले की लेखणी चित्राच्या रुंदीएवढी मागे न्यायची, चित्र काढायचं आणि पुन्हा मूळ जागी यायचं. शून्य पारदर्शक असल्यानं खालचं अक्षर पुसलं जात नाही. ‘ग, त, म’ यांचा दंड उजव्या कडेला, तिथे मात्रा बरोबर बसते. ‘क, द, ह’साठी उजवीकडे ३ रिकामे स्तंभ असलेली दुसरी जोडी. हाच बदल ओळीची रुंदी मोजणाऱ्या आणि एका अक्षराची रुंदी सांगणाऱ्या भागातही करायचा, नाहीतर ओळ अर्ध्यातच मोडते.

हे लिहिताना आणखी एक सुचलं: ऱ्हस्व इकार आणि रफार हलवण्याचे नियम हातानं कशाला? आख्खा मजकूर हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीमधून काढला तर क्रमही मिळेल आणि कोणती जोडाक्षरं खरोखर लागतात तेही. पुढची पायरी हीच.

शब्दांपैकी एकाचा निर्णय झाला. मालिकेतल्या दोन डोक्यांच्या गुरांना ब्राह्मिन म्हणतात. अमेरिकेतली ब्राह्मन ही गुरांची जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्याच कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार झाली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्स ३६०वरचा फॉलआउट ३ भारतात आणला नाही. नेमकं कारण सांगितलं नाही, चर्चा मात्र या नावाचीच झाली. ‘दुतोंडी’ लिहिलं तर दगाबाज असा अर्थ निघतो. म्हणून ‘दुडोकी गाय’, आणि गुराखी बोलतात तेव्हा नुसती ‘दुडोकी’.

स्पेशल, म्हणजे पात्राच्या सात गुणांची पद्धत, तिची सात इंग्रजी आद्याक्षरं तशीच ठेवतोय. पहिल्या फॉलआउटसाठी ‘गर्प्स’ या टेबलावरच्या भूमिका-खेळाचे नियम घ्यायचे ठरले होते. १९९७ मध्ये तो करार फिसकटल्यावर ख्रिस टेलर आणि टिम केन यांनी घाईघाईनं ही पद्धत उभी केली. सात गुणांचा एक शब्द होणं हा तिचा जीव आहे. ‘ताकद, नजर, दम’ असं भाषांतर गुणांच्या वर्णनात येईल, पाटीवर नाही.

चाचणीसाठी प्रत अमेरिकी आवृत्तीची घ्या. युरोपीय आवृत्तीत लहान मुलं अदृश्य केली आहेत. खेळातल्या डेन गावात दुकानांच्या दारात खिसा कापला जातो, पण कापणारं पोर दिसत नाही, आणि त्याच्या डोक्यावरची ओळ नीट बसली का हे ठरवता येत नाही.