मालवण आणि नेत्राणी : पाणी बघून लेन्स लावा

आधीच सांगतो, इन्स्टावर दिसतं तसं निळंशार पाणी मालवणला मिळेल म्हणून पाण्याखाली फोटो काढायला कोणी महागडा डोम पोर्ट (कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ कवचावरची, लेन्ससमोरची गोल काच) घेऊन निघणार असेल तर जरा थांबा. मालवण भारीच आहे, पण तिथलं पाणी हिरवट असतं आणि व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात किती लांबचं दिसतं ते, बरेचदा तीन-चार मीटर, चांगल्या दिवशी त्याहून थोडी जास्त. आम्ही दोघं मित्र, आधी मालवण आणि तिथून कुडाळला येऊन कोकण रेल्वेने खाली कर्नाटकातलं मुरुडेश्वर, म्हणजे तिथून बोटीने नेत्राणी बेट, असं एकाच फेरीत केलं. बॅग तीच, कॅमेरे तेच, आणि दोन्हीकडे लेन्स मात्र पूर्ण वेगळ्या चालल्या, म्हणून हे लिहितोय.

सामान असं: माझ्याकडे मायक्रो फोर थर्ड्स (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा हाऊसिंगमध्ये, म्हणजे वॉटरप्रूफ कवचात, सोबत ६० एमएम मॅक्रो, बारीक गोष्टी जवळून टिपणारी (फ्लॅट पोर्ट, म्हणजे सपाट काच) आणि ८ एमएम फिशआय, खूपच रुंद कोनाची (छोटा डोम), दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश. मित्राकडे ऑलिम्पसचा टीजी-६ हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा आणि एक गोप्रो.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पाण्याखाली झूम हे औषध नाही. लांबचा मासा झूम करून जवळ आणला तरी मधलं पाणी, त्यातला गाळ, उडालेला रंग सगळं फोटोत येतंच. लाल रंग तर पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच जवळपास संपतो. म्हणून लेन्स निवडताना बघायचं ते एवढंच की माझ्या आणि माशाच्या मध्ये कमीत कमी पाणी कसं राहील. त्याला दोनच रस्ते, एक तर मॅक्रो लावून बारीक जिवाच्या अगदी जवळ जा, नाहीतर इतकी वाइड (रुंद कोनाची) लेन्स लावा की मोठी गोष्ट हातभरावरून फ्रेममध्ये मावेल. मधल्या लेन्स, म्हणजे लग्नात वापरतो त्या २४-७० टाइप, पाण्याखाली ना धड इकडच्या ना तिकडच्या.

आता मालवण. डाइव्ह बहुतेक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर होतात, आणि हा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या हद्दीतला, त्यामुळे प्रवाळाला हात नको, गुडघे टेकून फोटो तर नकोच नको. सकाळी बोटीवरच्या दादाने पाण्याकडे बघून सांगितलं, "आज गढूळ आसा, मोठा काय दिसाचा नाय." मी ६० एमएमच लावून ठेवली होती. गढूळ पाण्यात मॅक्रोच चालते कारण मासा वीतभर अंतरावर असतो, तेवढ्या पाण्यात गाळ तो किती येणार. एका खडकाच्या कपारीत लायनफिश उलटा लटकलेला होता, पंखांवरचे पट्टे आणि डोळ्यावरची ती झालर एवढंच फ्रेममध्ये घेतलं, मागे काळं पाणी, फोटो बघून कोणी म्हणणार नाही की तिथे चार मीटरपुढे काही दिसत नव्हतं. स्ट्रोब मात्र लेन्सला चिकटवून ठेवू नका, बाजूला आणि थोडे मागे ओढा, नाहीतर मधला गाळ उजळून सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं, यालाच बॅकस्कॅटर म्हणतात.

मॅक्रोचा त्रास एकच, लाटेच्या हेलकाव्यात फोकस टिकत नाही. ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो. फोकस एकदा लॉक करा आणि श्वासाबरोबर स्वतःच किंचित पुढे-मागे व्हा, डोळा शार्प दिसला की क्लिक. हे जमायला बुयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, चांगली पाहिजे. ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता पहिल्यांदाच डाइव्हला, जाणाऱ्यांनी कॅमेरा हॉटेलवरच ठेवा बाबांनो, तिथे गाइड तुम्हाला धरून नेतो आणि त्यांच्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर व्हिडिओ बहुतेक ठिकाणी काढून देतात.

मित्राचा टीजी-६ मालवणला माझ्यापेक्षा जास्त खूश होता. नुसता, वेगळ्या वॉटरप्रूफ केसशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये एक सेंटीमीटरवरून फोकस करतो. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने मोठ्या हाऊसिंगच्या भानगडीत पडण्याआधी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत. गोप्रोने मात्र मालवणला फार काही दिलं नाही, त्याचा फोकस फिक्स असतो, साधारण फुटाच्या आत सगळं धूसर, त्यामुळे जवळचं हवं असेल तर वरून मॅक्रो लेन्स अडकवावी लागते. आणि हिरव्या पाण्यात लाल फिल्टर लावू नका, तिथे मॅजेंटा लागतो. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी.

नेत्राणीला सगळं उलटं. मुरुडेश्वरहून बोटीने दीड-दोन तास, बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्या. उडी मारली आणि खाली तळ दिसला, तिथेच मॅक्रोचा विषय संपला. फिशआय लावलेली होती, बॅराकुडाचा थवा आख्खा फ्रेममध्ये.

इथे डोम का लागतो ते सांगतो. सपाट काचेमागे वाइड लेन्स ठेवली की पाण्यामुळे प्रकाश वाकतो, सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं आणि लेन्सचा कोन आवळतो, २८ एमएमची ३७ झाली समजा. वर कडांना रंगांची झालर. गोल डोममध्ये तो कोन परत मिळतो. पण डोम स्वतःच पाण्यात लेन्ससारखा वागतो, लांबचा खडकसुद्धा कॅमेऱ्याला डोमच्या जरासाच पुढे आहे असं वाटतं, म्हणून जवळ फोकस न होणारी वाइड लेन्स डोममागे कुचकामी. फिशआय जवळजवळ काचेला टेकेपर्यंत फोकस करते, त्यामुळे छोट्या डोममध्येही चालते. फोटोचे कोपरे मऊ येतात, अपर्चर एफ ८ ला ठेवा, फुल फ्रेमवाल्यांनी एफ ११-१३. फिशआयने रेषा वाकतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण समुद्रात सरळ रेषा असते कुठे?

मात्र डाइव्ह अर्धी झाल्यावर खडकाच्या बुडाशी नखाएवढा न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) दिसला आणि माझ्याकडे फिशआय, बघत बसलो. पोर्ट पाण्याखाली बदलता येत नाही. मित्राच्या टीजीच्या केसवर ६७ एमएमच्या आट्यांची वेट लेन्स, म्हणजे काचेवर बाहेरून बसवायची जादा लेन्स, होती, ती पाण्यातच काढ-घाल होते, पठ्ठ्याने लावली आणि काढला फोटो. एकाच डाइव्हमध्ये दोन्ही हवं असेल तर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स), फ्लॅट पोर्ट आणि त्यावर वाइड नि मॅक्रो अशा दोन वेट लेन्स हा प्रवासाला सगळ्यात शहाणा सेटअप वाटतो. वाइड वेट लेन्स जड असते, तिला दोरी बांधाच. आणि पाण्यात उतरल्यावर ती एकदा सैल करून मधला हवेचा बुडबुडा काढा.

व्हिडिओवाल्यांसाठी: वाइडमध्ये हात हलला तरी खपतं, मॅक्रोत नाही, ट्रायपॉड नसेल तर नाद सोडा. दर काही मीटरला व्हाइट बॅलन्स परत घ्या. फिल्टर लावलाय तर लाइट बंद, दोन्ही एकत्र केलं की जवळचा मासा टोमॅटो होतो.

हाऊसिंग सकाळी एसी खोलीतच बंद करा, आतली हवा कोरडी राहते आणि पोर्ट आतून धुकटत नाही. ओ-रिंगवर, म्हणजे हाऊसिंगच्या फटीत पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, केस-वाळू बघा, ग्रीस अगदी किंचित पुरे. नेत्राणीला टीजी केसमध्येच न्या, तिथे १५ मीटरखाली सहज जाणं होतं. पावसाळ्यात दोन्हीकडे डायव्हिंग बंद असतं. आणि हॉटेल बुक करताना डोमसकट हाऊसिंग बुडेल एवढी बादली आहे का ते विचारून घ्या, आमच्या बाथरूममध्ये फक्त मग होता, शेवटी किचनमधून भाताचं पातेलं मागून आणलं.