माणगा बांबूचा गॉथिक पिंजरा: माझा अनुभव

पडवीत टांगायला पिंजरा हवा होता, पण पक्ष्यासाठी नव्हे. आत दिवा ठेवायचा आणि कमानी गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारख्या टोकदार करायच्या. मुंबईला गेले की सीएसएमटीच्या तिकीटघराचं छत मी मान वर करून बघत राहते. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. तिथे खांबांतून निघालेल्या फासळ्या वर जाऊन एकमेकींना भेटतात. मला त्या आपल्या माणगा बांबूत हव्या होत्या. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याच्या कामट्या दणकट निघतात.

जून काठ्या निवडल्या आणि व्हाळात (ओढ्यात) दगडांखाली दाबून ठेवल्या. बांबू पोखरणारा भुंगा त्यातल्या स्टार्चवर जगतो आणि पाण्यात हा स्टार्च बराचसा निघून जातो. मग सावलीत वाळवण. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

खरी मजा कमानींत आली. पिंजऱ्याचा तळ आयताकृती, ३० बाय २० सेंटिमीटर. अर्धगोल कमान रुंदीच्या निम्मीच उंच होते, म्हणजे लांब बाजूला १५ आणि आखूड बाजूला १०. कर्णावरच्या फासळीची रुंदी ३६ सेंटिमीटर, म्हणून तिची उंची १८. तीन उंच्या, मग छत जुळणार कसं? कमान टोकदार केली की रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी घेता येते. लांब बाजूचे कंस १८.३ च्या त्रिज्येने काढले, आखूड बाजूचे २१.२ च्या, आणि सगळी टोकं १८ वर आली! पॅरिसजवळच्या सेंट डेनिस चर्चचा पूर्वेकडचा भाग ११४४ मध्ये उभा राहिला, तेव्हा तिथल्या गवंड्यांनाही टोकदार कमानीने हीच मोकळीक दिली होती. कागदावर कंपास फिरवताना ते मला पहिल्यांदा नीट कळलं, आणि मी हरखून गेले.

कमान वाकवायला गावातल्या बुरूड काकांनी शिकवलं. ओली कामटी मेणबत्तीवर सतत हलवत शेकायची, पाठ, म्हणजे सालीची बाजू, बाहेरच्या अंगाला ठेवायची. फळीवर कंस आखून त्यावर खिळे ठोकायचे आणि गरम कामटी त्यांत अडकवून रात्रभर ठेवायची. “गाठीर वाकवू नको गो, मोडतली,” असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हणून कामट्या कापतानाच गाठ कमानीच्या पायाशी येईल असं बघितलं.

समोरचं गोल गुलाब-गवाक्ष, म्हणजे गॉथिक चर्चमध्ये असते तशी पाकळ्यांची खिडकी, करवंटीचं केलं. बारीक करवतीने पाकळ्या कोरल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि वरून खोबरेल चोळलं. सांध्यांना मेण लावलेला सुती दोरा बांधला. लोखंडी तार मुद्दाम टाळली, खाऱ्या हवेत ती लगेच गंजते. बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी मात्र केल्या नाहीत. दगडी चर्चमध्ये त्या छताचा रेटा जमिनीकडे नेतात. माझं छत कामट्यांचं, तिथे त्यांना काहीच काम नाही आणि नुसत्या शोभेसाठी त्या मला नको होत्या.

आता शेजारीपाजारी असाच पिंजरा करून मागतात. पोपटासाठी मागितला तर मी नाही म्हणते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले पोपट पाळता येत नाहीत, आणि कायदा नसता तरी मी दिला नसता. माझ्या पिंजऱ्याला दारच नाही. पुढच्या बाजूला गवाक्षाखालचा भाग उघडा आहे, तिथूनच दिवा आत ठेवता येतो.