ट्रकचे इंजिन ऑइल आणि पट्टीवरच्या दोन खुणा

माझ्या सहा सिलिंडरच्या ट्रकच्या पुस्तिकेत इंजिन ऑइलचे माप फिल्टरसह १६ लिटर दिलेले आहे आणि मी ऑइल आणतो ते २० लिटरच्या बादलीत. या चार लिटरच्या फरकाने मला एकदा फार मनस्ताप दिला. नाशिककडे माल घेऊन निघालो असताना महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतले. मी जेवायला गेलो आणि बादली उघडलीच आहे तर उरवायची कशाला, असा विचार करून कारागिराने ती जवळजवळ सगळी ओतून टाकली. कसारा घाट चढू लागल्यावर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनमधला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑइल उडू लागले आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली.

ऑइल कमी असेल तर इंजिन जाते, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. जास्त ऑइलची मात्र कोणी धास्ती घेत नाही. चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतले, ऑइल फिरत्या क्रँकपर्यंत पोहोचले की ते ताकासारखे घुसळले जाते, त्याला फेस येतो, पंप हवेसकट ते ओढतो आणि बेअरिंगला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणजे जास्त ऑइलनेही शेवटी कमी ऑइलसारखेच नुकसान होते. ब्रीदरची नळी इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा ओढणाऱ्या मार्गाला, जोडलेली असेल, तर धोका याहून मोठा आहे, कारण तिथून गेलेले ऑइल डिझेलसारखेच जळते आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.

तेव्हापासून ऑइल बदलताना मी स्वतः उभा राहतो. गाडी सपाट जागी हवी, कारण रस्त्याच्या कडेच्या उतारावर जुने ऑइल पूर्ण निघत नाही आणि ऑइलची पातळी मोजायची पट्टीही (डिपस्टिक) खोटे सांगते. इंजिन गरम असतानाच चेंबरखालचा नट काढून अर्धा तास तरी ऑइल निथळू द्यावे. नवा फिल्टर बसवला की माझ्या गाडीत आधी १३ लिटर ओततो आणि मग पट्टी बघत थोडे थोडे वाढवत वरच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, खुणेच्या जवळ आणतो. त्यानंतर इंजिन आयडलवर चालू करतो आणि ऑइलचा दाब दिसेपर्यंत रेस अजिबात देत नाही, कारण तोवर टर्बो कोरडाच फिरत असतो. दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबले की हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, ऑइल खाली उतरते. आता पातळी घटलेली दिसते. तेवढे ऑइल रिकाम्या फिल्टरने घेतलेले असते. उरलेली भर याच वेळी घालायची.

नवे ऑइल मधाच्या रंगाचे असल्यामुळे पट्टीवर चटकन दिसत नाही. पट्टी स्वच्छ पुसून पूर्ण आत घालावी, बाहेर काढून आडवी धरावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीच्या भिंतीला लागलेले ऑइल एका बाजूला वरपर्यंत माखते, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती खरी मानावी. दोन खुणांमध्ये किती लिटर मावते, हे मी एकदा एकेक लिटर ओतून मोजून घेतले: माझ्या गाडीत ते ३ लिटर भरले. त्यामुळे पट्टी मध्यावर आली तर किती घालायचे, याचा अंदाज बांधावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मी पुन्हा पट्टी पाहतो आणि तो आकडा किलोमीटरसह वहीत लिहून ठेवतो. पुढच्या फेऱ्यांत पातळी खाली आली तर समजण्यासारखे असते. पण ऑइल न घालताही ती वर चढली, तर पट्टीचा वास घेऊन पाहावा. नोझल किंवा पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल तर ते ऑइल पातळ होते, आणि बीएस-६ गाडीत सायलेन्सरकडचा धुराचा फिल्टर काजळी जाळून साफ होण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली तरीही असे घडते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरलेले असते. अशा वेळी वरचे ऑइल काढून पातळी जुळवत बसू नये; कारण शोधेपर्यंत गाडी जागेवरच उभी ठेवावी.