मॅग्नेटो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि अडकलेली बॅटरी

निर्णय लवकर झाला. माझ्या छोट्या विमानाच्या लायकमिंग ओ-३२० इंजिनाला दोनपैकी डावा मॅग्नेटो (बॅटरीविना स्वतःच वीज तयार करून ठिणगी पाडतो तो) ठेवायचा, उजव्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. डावाच ठेवला, कारण माझ्या इंजिनात इम्पल्स कपलिंग त्यातच आहे: स्टार्टरच्या मंद वेगात ते ठिणगी उशिरा पाडतं आणि रोटरला झटका देऊन ती जोरदार करतं. बॅटरी मेली तरी हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू होतं. कपलिंग नसलेला मॅग्नेटो ठेवलात तर सुरू करताना तो बंद ठेवा, नाहीतर पिस्टन वर पोहोचायच्या २५ अंश आधीच ठिणगी पडून पंखा उलटा झटका मारतो. (हा आकडा सगळ्या मॉडेलना एकच नसतो, इंजिनावरची डेटा प्लेट वाचा.)

मॅग्नेटोची ठिणगी एकाच कोनावर ठरलेली. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब उतरला की इलेक्ट्रॉनिक ती आणखी आधी पाडतं, म्हणून उंचावर पातळ (कमी इंधनाच्या) मिश्रणावर इंधन वाचतं. मी घेतलं त्याला मात्र सतत वीज लागते, आणि इथंच माझे पाच आठवडे गेले.

मुख्य बॅटरी गेली तरी चालावं म्हणून वेगळी बॅटरी हवी. वजन वाचवायला मी लिथियमची मागवली. सुटी लिथियम-आयन बॅटरी म्हणजे धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३४८०. २०१६ पासून ती प्रवासी विमानाच्या मालात चालत नाही. मालवाहू विमानात जाते, तीही ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज केलेली. कुरिअरने आधी यूएन ३८.३ (लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का) या चाचणीचा सारांश मागितला, मग सेफ्टी डेटा शीट, मग पहिला कागद दुसऱ्याच मॉडेलचा म्हणून परत. दर फोनला 'साहेब, दोन दिवस'. बॅटरीचं खोकं वेगळं होतं, पण इनव्हॉइस एकच, म्हणून इग्निशनही तिच्याबरोबर बसून राहिलं. इनव्हॉइस वेगवेगळी करून घ्या.

शेवटी बॅटरी रद्द केली आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातून, यूपीएसला लावतात ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड आणली. दोन-अडीच किलोची, त्याच संध्याकाळी हातात. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

जोडणी: मुख्य बसपासून (विमानातली वीज वाटणारी पट्टी) शॉट्की डायोडमधून (तो वीज एकाच दिशेला जाऊ देतो). बसचे १४.२ व्होल्ट, त्यातला अर्धाएक डायोड खातो, उरतात १३.७, या बॅटरीला कायम जोडून ठेवायला तेवढेच हवेत. फ्यूज टर्मिनलला लागून. इग्निशनची वायर मास्टर स्विचमधून (मुख्य बसची वीज तोडणारा) नेऊ नका. दीड अँपिअर खेचलं तर नवी बॅटरी तीनेक तास देते. मी हिशोबात एकच तास धरतो आणि ती दरवर्षी बदलतो, कारण बडोद्याच्या मे महिन्यात तापलेल्या हँगरमध्ये ती लवकर म्हातारी होते. इलेक्ट्रॉनिकचा डबाही याच कारणाने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आत, केबिनच्या बाजूला.

राहिलंच: मॅग्नेटोचा स्विच घरातल्या दिव्याच्या उलट चालतो. पी-लीड (मॅग्नेटोपासून स्विचकडे येणारी वायर) ग्राउंडला, म्हणजे विमानाच्या धातूला, जोडली की मॅग्नेटो बंद. ती तुटली तर स्विच 'ऑफ' दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंत असतो, म्हणून पंख्याला हात लावताना तो कायम चालूच समजा.

१७०० आरपीएमच्या तपासणीत मॅग्नेटो बंद केला की आरपीएम जेमतेम हलतो, इलेक्ट्रॉनिक बंद केलं की चांगलाच पडतो. यात बिघाड काही नाही. मग जमिनीवरच अल्टरनेटर, मास्टर आणि मॅग्नेटो तिन्ही बंद करा. इंजिन त्या यूपीएसच्या बॅटरीवर चालत राहिलं पाहिजे.