ठाण्याहून भंडारदरा, कॅम्पर व्हॅनने (आईला घेऊन)

आईच्या गुडघ्यांमुळे तंबू हा विषयच बाद होता. खाली वाकून आत शिरायचं, जमिनीवर झोपायचं आणि रात्री उठून लांब जायचं, हे तिला जमणारं नाही, पण तळ्याकाठी एक रात्र काढायची तिची फार इच्छा होती. म्हणून जानेवारीत कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली, ड्रायव्हरसकट. कारच्या मागे जोडायचा ट्रेलर पण बघितला होता, पण धरणाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की तो रिव्हर्स घेणं कठीण, म्हणून नको म्हटलं.

घोडबंदर रोडवरून पहाटे साडेपाचला निघालो, कारण एकदा उजाडलं की माणकोली आणि रांजणोलीला अडकायला होतं. पुढे आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो. इगतपुरीपर्यंतचा हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यात जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाट अख्खा वाचतो. एवढी उंच, जड गाडी घाटाच्या वळणांवर डुलते आणि आतली भांडी खडखडतात, त्यामुळे टोल गेला तरी समृद्धीच घ्या. डिझेल, दूध, भाजी सगळं घोटीतच उरकलं. मग बारीवरून, म्हणजे कळसूबाईच्या पायथ्यावरून, शेंडी. वाटेत अभयारण्याची पावती फाडावी लागते, सुटे पैसे जवळ असू द्या.

एमटीडीसीचं रिसॉर्ट तळ्याच्या काठावरच आहे, पण आम्हाला झाडीत राहायचं होतं, म्हणून मुरशेतच्या बाजूला एका घराच्या आवारात जागा फोनवरून ठरवली होती. फोनवर एवढं नक्की विचारा: गाडी उभी राहते ती जमीन मुरमाची आहे की मातीची, फांद्या किती खाली आलेल्यात आणि 15 अ‍ॅम्पचा प्लग आहे का. आमच्या इथे एक जांभळाची फांदी टपावरच्या सोलर पॅनलला टेकत होती, ड्रायव्हरदादांनी खाली उतरून बघितलं म्हणून बरं. उजेडात पोचणं म्हणूनच महत्त्वाचं. अंधारात ही फांदी दिसलीच नसती.

गाडी सपाट उभी करायला चाकाखाली लाकडी फळ्या लागतात. वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेवा, पाणी कुठे कलतं ते लगेच कळतं. थोडा उतार राहिलाच तर डोकं उंच बाजूला करून झोपा. वीज घरातूनच घेतली होती पण व्होल्टेज कमी, गीझर आणि इंडक्शन एकदम लावू नका, त्या घरातले दिवे पण जातात.

आता पाण्याचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. व्हॅनला दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक सिंकच्या सांडपाण्याची, शिवाय टॉयलेटची वीसेक लिटरची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी, बाहेर काढून नेता येणारी छोटी टाकी, त्यात वास मारणारं केमिकल घातलेलं असतं. आमच्या गाडीचा काटा टाकी भरलेली दाखवत होता आणि सकाळी सातला नळ कोरडा! तेव्हा निघताना झाकण उघडून डोळ्याने बघा. पण खरा प्रश्न घाणीचा आहे. आपल्याकडे टाक्या रिकाम्या करायची सोय अशा ठिकाणी नसते आणि लोक अंधारात उताराला नळी सोडून मोकळे होतात. ते जातं कुठे, तळ्यातच ना. 1926 साली बांधून झालेलं हे प्रवरेवरचं धरण, काठावरच्या गावांचं आणि खाली अकोले-संगमनेरचं पाणी आहे हे. कॅसेटमधलं केमिकल गावातल्या शोषखड्ड्यात पण ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात आणि खड्डा तुंबतो. आम्ही घरमालकांचा संडास वापरला, व्हॅनमधला फक्त रात्री आईसाठी. भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली, त्यामुळे सांडपाणी फार झालंच नाही.

संध्याकाळी त्या घरातल्या मावशींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं दिलं, इतकं गरम की बोटं भाजली. रात्री थंडी कडक, गाडीचा पत्रा लगेच गार होतो, रजया घरून न्या. आणि सहाच्या सुमारास आईने झोपल्या झोपल्या खिडकीचा पडदा सरकवला, तळ्यावर धुकं होतं, ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, चहा टाक रे.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघायला जाताना व्हॅन हलवली नाही, जीप सांगितली. एकदा लावलेली गाडी सारखी काढू नका, सगळं सामान परत बांधावं लागतं. पावसाळ्यात ही गाडी मुळीच नेऊ नका, चाकं रुततात. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जून, रात्रीच्या गाड्यांवर वनखात्याचे निर्बंध असू शकतात, आधी विचारून घ्या, आणि गाडी उभी केली की हेडलाइट तर बंदच ठेवा.

रविवारी जेवून लगेच निघालो, नाहीतर भिवंडी बायपासला रात्र होते. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या कमानीतून व्हॅन आत जात नाही, म्हणून बाहेर लावली आणि कॅसेट उचलून घरच्या संडासात रिकामी केली, दोनदा धुतली, मग गाडी परत दिली.