टोमॅटोची बुडं अखेर स्वच्छ!

आज सकाळी ग्रो बॅगेतल्या (रोपं लावायच्या पिशवीतल्या) रोपाच्या तिसऱ्या घोसातला पहिला टोमॅटो काढला आणि आधी उलटा करून पाहिला. बूड लालबुंद, गुळगुळीत. या हंगामात पहिल्यांदाच! पहिल्या दोन घोसांत 14 पैकी 11 फळं बुडाला काळी पडली होती, ते रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे.

फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं की बूड असं काळं पडतं. म्हणून अंड्याच्या कवचांचा चुरा घातला, पानांवर कॅल्शियम फवारलं, उपयोग शून्य. कवचं मातीत विरघळायला फार वेळ लागतो. पानावर पडलेलं कॅल्शियम तिथून फळात उतरत नाही, ते मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं. त्यातलं बहुतेक पाणी पानं ओढून घेतात, म्हणून पाण्यात खंड पडला की फटका फळाच्या टोकाला बसतो. हे कळत होतं. पण ओलावामापक रोज 'ओलं' दाखवत होता, मग पाण्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

शेजारच्या वाफ्यात त्याच बियांची रोपं, तेच गांडूळखत, आणि एकही फळ खराब नाही. बिघडत होती ती फक्त 20 लिटरच्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या बॅगांतली. सहा आठवड्यांपूर्वी एका दुपारी जागा बदलायला बॅग उचलली, तर पिसासारखी हलकी! दोन पेरं बोट खुपसलं, आत कोरडं ठणठणीत. मापकाचा काटा तेव्हाही 'ओलं'वरच.

मग दोन वाट्यांत सारखंच भिजवलेलं कोकोपीट घेतलं, एक धुतलेलं, एक तसंच. न धुतलेल्यात काटा कितीतरी पुढे गेला. हे स्वस्त मापक ओल मोजतच नाहीत, वीज किती वाहते ते मोजतात, आणि क्षार असले की ती जास्त वाहते. शिवाय असं खारट कोकोपीट कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं. 'धुतलेलं' म्हणून ते विकणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही. मापकही कपाटात गेला. बॅग हलवून वजनाचा अंदाज घेणं, याहून भरवशाचं साधन मला सापडलेलं नाही.

खालून भरपूर निथळेपर्यंत बॅगा तीनदा धुतल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं, वाळल्या पानांचं 5 सेंटीमीटर आच्छादन घातलं, नत्राचं द्रवखत थांबवलं. तेव्हा वाटाण्याएवढी असलेली फळं वाचली. तीच आता पिकताहेत.

काळी फळं फेकली नाहीत. बुरशी नसेल तर काळा भाग कापून उरलेलं खुशाल खाता येतं. पसरट पातेल्यात मंद आचेवर दाट सॉस केला. बियांभोवतीचा गर काढून टाकू नका, खरी चव तिथेच असते. एका घोसाचा जेमतेम वाटीभर झाला, पण काय चव!

पुढच्या लागवडीला मोठ्या बॅगा घेणार होते. पण हे लिहिताना वाटतंय, बॅगेच्या मधोमध भोक बुजवलेली मातीची छोटी कुंडी पुरून पाण्याने भरली तर? झिरपून मुळांना सतत ओल मिळेल. मुळांना जागा कमी पडेल, ही एक शंका आहे. एक रिकामी बॅग आहेच. आज संध्याकाळी कुंडी पुरते आणि पाणी किती तासांत उतरतं ते पाहते.