मोहरी फेसली, ड्रेसिंग जमलं

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तेल-लिंबाचं प्रमाण बसलंय, आता फक्त ते एकजीव राहायला हवं. त्या 'फक्त'नं तीन आठवडे खाल्ले.

नव्यांसाठी थोडक्यात: बाटलीबंद ड्रेसिंग आणायचं नाही, घरातल्या डब्यांतूनच सॅलडचं ड्रेसिंग करायचं हा माझा हट्ट. तीन भाग तेलाला एक भाग आंबट, हे फ्रेंचांचं नेहमीचं प्रमाण. मी तेच धरलंय. सहा चमचे तेल, दोन चमचे लिंबाचा रस. तेल निम्मं घाण्याचं शेंगदाण्याचं, निम्मं करडईचं. नुसतं शेंगदाण्याचं घेतलं तर काकडीला चिवड्याचा वास मारतो. मीठ आणि चिमूटभर गूळ आधी रसात विरघळवायचा. मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी कचकचत बसतं आणि शेवटचा घास खारट करून ठेवतं.

गाडं अडलं ते पुढे. जॅमच्या रिकाम्या बरणीत घालून खळखळून हलवलं की मस्त दुधट दिसायचं, पण पानं वाढेपर्यंत तेल वर, रस खाली. दोघांना धरून ठेवणारं काहीतरी मध्ये लागतं. अंड्याचा बलक ते काम करतो, पण आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थ्या वजा जाता अंड्याला वार शिल्लक राहत नाही. उरली मोहरी. लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ मिक्सरला फिरवली, तीही थेट लिंबाच्या रसात. कडवट चव, झणका अजिबात नाही, आणि दहा मिनिटांत तेल पुन्हा वर.

सासूबाई डायनिंग टेबलाशी गवार मोडत हे बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, मोहरी फेसायची असते. नाकात गेली नाही तर फेसली कशाला?"

केळ्याच्या रायत्याला त्या मोहरी फेसतात. बारा वर्षं ते रायतं खातेय, पण डोक्यात एकदाही आलं नाही!

मग त्यांच्याच देखरेखीखाली एक लहान चमचा अख्खी मोहरी खलबत्त्यात कुटली. दोन चमचे गार पाणी घालून वाटीत चमच्यानं फेसत बसले. सुरुवातीला नुसता काळपट चिखल, जिभेला कडू. मग रंग फिका होत गेला, कडेला बारीक फेस धरला, आणि वाटीवर वाकले तर झणका थेट कपाळापर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी. सासूबाई खूश.

झणका मुळात मोहरीत नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि तिखटपणा तयार करतं. आंबटानं त्याचा वेग मंदावतो, उकळत्या पाण्यानं ते मरतंच. म्हणून आधी गार पाणी, दहा मिनिटं झाकण, आणि लिंबू त्यानंतर. माझा पहिला डाव लिंबानं का घालवला ते कळलं.

आणि अख्खीच मोहरी का? सालात चिकट द्रव्य असतं, पाण्यात ते सब्ज्यासारखं बुळबुळीत होतं. तेलाचे थेंब एकमेकांना मिळू नयेत म्हणून जे लागतं ते हेच. डाळीचं साल आधीच काढलेलं.

फेसलेल्या मोहरीत मीठ-गुळाचा रस घातला आणि तेलाची बारीक धार सोडत ढवळत राहिले. पिवळट, दाटसर, चमच्याला धरणारं ड्रेसिंग! पाऊण तास घड्याळ लावून पाहिलं, फुटलं नाही. सकाळी फ्रिजमधून काढलं तर वर तेलाचा पातळ थर होता, पण दोनदा हलवल्यावर पुन्हा मिळून आलं. मोहरीच्या काळ्या टिकल्या दिसतात. मला चालतात, मुलीला नाही.

लसूण घालायचा तर त्या दिवसापुरताच ठेचा. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवून देऊ नका, हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात.

पावसाळ्यातली एक कटकट वेगळीच. जांभळी नाक्याच्या मंडईतून आणलेला लेट्यूस घरी येईपर्यंत चिंब. ओल्या पानावर ड्रेसिंग ठरत नाही, सगळं ताटात उतरतं. आता पानं जुन्या सुती ओढणीत गुंडाळून गॅलरीत गरगरा फिरवते. खालच्या काकूंनी एकदा वर बघून विचारलं, "पाऊस परत आला का गं?"

पुढचा प्रयोग ठरलाय: गेल्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याचा तळाचा खार. तेल, मोहरी, मीठ, आंबट, सगळं त्यात आहेच, वर मेथी आणि हिंग फुकट. फक्त बरणीची किल्ली सासूबाईंकडे आहे, आणि ओल्या चमच्याचं माझं रेकॉर्ड बरं नाही.